हिंगण्याच्या माळावरचे विद्यापीठ



सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास आपले सेक्रेटरी साहेब या अंकात लिहीत आहेतच. प्लॉट कसा मिळाला, बिल्डरशी किती बैठका झाल्या, कन्व्हेयन्सचे काय झाले, हे सगळे त्यांच्या लेखात येईल. स्मरणिका समितीने माझ्याकडे काम दिले ते परिसराच्या इतिहासाचे. विषय मोठा आहे. म्हणून मी त्यातला एकच धागा घेतो, आणि तो म्हणजे विद्यापीठाचा. आपल्याकडे नव्याने राहायला आलेली तरुण मंडळी मला विचारतात, "काका, इथे आधी काय होते हो?" मी सांगतो, "इथे एक विद्यापीठ जन्माला आले." त्यांना वाटते म्हातारा गंमत करतोय. पण ते खरे आहे. भारतातले पहिले महिला विद्यापीठ आपल्या या हिंगण्यात सुरू झाले, आणि तेसुद्धा संपूर्ण खाजगी, सरकारचा एक पैसा न घेता आणि सरकारचा शिक्का नसताना.

आधी हिंगणे, मग कर्वेनगर

आपल्या टॅक्स पावतीवर आणि सात-बारावर अजून 'हिंगणे बुद्रुक' हे नाव दिसते. नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावर आहे ते हिंगणे खुर्द. कर्वेनगर हे नाव नंतरचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरून पडलेले.

अण्णासाहेब कर्व्यांची सुरुवातीची कथा आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. जन्म १८ एप्रिल १८५८. गाव दापोली तालुक्यातले मुरूड. सहावीच्या परीक्षेसाठी घाट ओलांडून पायी सातारा गाठले आणि तिथे "वय लहान दिसते" म्हणून परत पाठवले गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, सगळ्यांच्या 'बाया'. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नामुळे मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्या वेळी तो पुणे शहरात होता. मग प्लेग आला. शहराबाहेर जागा हवी होती आणि लोकांच्या नजरेपासूनही थोडे दूर जाणे बरे होते. रावसाहेब गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. ती झोपडी आजही संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे. आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे? मागच्या वर्षी मी जिन्यात सहज विचारले, तर दोनच हात वर आले.

त्या काळी शहरातून हिंगण्याला यायला धड रस्ता नव्हता. काळ्या जमिनीतली पाऊलवाट, आणि पावसाळ्यात नुसता चिखल. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी जवळजवळ दोन कोस चालत आश्रमात यायचे. आज आपण नळस्टॉपच्या सिग्नलला वीस मिनिटे अडकलो की चिडतो. तेव्हा मला ही पाऊलवाट आठवते आणि मी गप्प बसतो.

१९०७ साली विधवांबरोबर इतर मुलींसाठीही महिला विद्यालय निघाले. पुढे निष्काम कर्म मठ निघाला, म्हणजे या कामाला आयुष्य वाहून घेणाऱ्यांची संघटना. इथपर्यंत ही एका आश्रमाची आणि शाळेची गोष्ट होती. विद्यापीठाचा विचार आला तो टपालाने.

जपानचे पुस्तक

बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपान पाहून आले होते. पुढे काशी विद्यापीठ काढले ते हेच गृहस्थ. त्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका कर्व्यांना पाठवली. जिन्झो नारुसे यांनी ते विद्यापीठ १९०१ साली काढले होते. कर्व्यांनी पुस्तिका चाळली आणि बाजूला ठेवली. त्यांना वाटले, आपल्यासारख्या गरीब देशात हे कुठले जमणार!

पण १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अध्यक्षीय भाषणात काय सांगायचे, याचा विचार करताना ती पुस्तिका पुन्हा हातात आली. या वेळी त्यांनी ती नीट वाचली आणि भाषणात सरळ महिला विद्यापीठाची कल्पना मांडून टाकली. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्न होते आणि आदल्या वर्षीच ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले होते. माझ्यासारख्या निवृत्त माणसाने हे दोनदा वाचावे असे आहे. आपण त्या वयात पेन्शनची कागदपत्रे लावत असतो.

पुढचे काम अक्षरशः सहा महिन्यांत झाले. ३ जून १९१६ रोजी सिनेटची पहिली सभा पुण्यात भरली. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर झाले, कुलगुरू रँग्लर परांजपे. ५ जुलैला हिंगण्यात महिला पाठशाळा, म्हणजे कॉलेज, सुरू झाले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. विद्यापीठाचे नाव मात्र दणदणीत, 'भारतवर्षीय महिला विद्यापीठ'. लोक हसले असतील तर नवल नाही.

तारखांकडे जरा बघा. १९१६ सालीच बनारस हिंदू विद्यापीठ आणि म्हैसूर विद्यापीठ सुरू झाली. बनारसच्या मागे दिल्लीच्या कौन्सिलने मंजूर केलेला कायदा होता, म्हैसूरच्या मागे संस्थानाचा खजिना. आपल्या हिंगण्याच्या मागे वर्गणीदार होते. ठरावीक वार्षिक वर्गणी देणारे लोक हेच मतदार, आणि त्यांनी निवडून दिलेले लोक सिनेटमध्ये. आपल्या सहकारी पद्धतीसारखेच म्हणा ना! शेअर घेतला की सभासद, आणि सभासद झाला की मत.

अभ्यासक्रम काय होता

आता थोडे शिकवण्याविषयी, कारण वाद तिथेच होता.

पहिली गोष्ट म्हणजे माध्यम मातृभाषा. मराठी मुलगी मराठीतून आणि गुजराती मुलगी गुजरातीतून, थेट पदवीपर्यंत. त्या वेळी मुंबई विद्यापीठात सगळे इंग्रजीतून चाले. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा. यावर गांधीजींशी कर्व्यांचे पटले नाही. मातृभाषेचे माध्यम गांधीजींना मनापासून पसंत होते, सक्तीचे इंग्रजी नको होते. कर्वे ठाम राहिले. बाईला जगाशी संबंध ठेवायचा तर इंग्रजी हवे, असे त्यांचे म्हणणे. तिसरी गोष्ट म्हणजे गृहशास्त्र, आरोग्य, मानसशास्त्र असे विषय अभ्यासक्रमात आले, आणि गणित ऐच्छिक झाले. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने मुलींना गणित ऐच्छिक ठेवले, हे मला अजून पूर्ण पचत नाही. त्या वेळीही टीका झालीच, की हे बायकांसाठी हलके शिक्षण आहे, वेगळे विद्यापीठ म्हणजे दुय्यम विद्यापीठ. कर्व्यांचे उत्तर व्यवहारी होते. मुंबई विद्यापीठाचे दार बंद नाही, ज्या मुलीला झेपेल तिने जरूर जावे. पण ज्या हजारो मुली तिथे कधीच पोचणार नाहीत, त्यांचे काय?

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय. संसार, मुले, सासूसासरे सांभाळून बाई घरी पुस्तक उघडू शकत होती. आज आपण दूरशिक्षण म्हणून ज्याचे कौतुक करतो, त्याचे मूळ इथे आहे.

पदव्यांची नावेसुद्धा देशी होती. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', म्हणजे जी.ए., आणि एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा', पी.ए. विद्यापीठाचे ब्रीद 'संस्कृता स्त्री पराशक्तिः'.

पैसा कुठून आला

बँकवाल्याला हा प्रश्न पडणारच. सुरुवातीला कर्वे स्वतः गावोगाव हिंडले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, ज्या स्वतः विधवा होत्या, त्या संस्थेसाठी निधी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. बाईंना इंग्रजी जेमतेम, पण हिंमत केवढी!

मोठी रक्कम आली ती १९२० साली. सर विठ्ठलदास ठाकरसी हे मुंबईचे गिरणीमालक. सर विश्वेश्वरय्यांसह ते परदेश प्रवासाला गेले होते, तेव्हा टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. मात्र दोन अटी होत्या. विद्यापीठाला त्यांच्या आईचे, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यायचे आणि मुख्य कचेरी पुढे मुंबईला न्यायची.

पंधरा लाख म्हणजे नोटांची थप्पी नव्हे. साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांचा हा हिशेब होता, आणि विद्यापीठाच्या हाती दरसाल ५२,५०० रुपये व्याज यायचे. आता गंमत बघा. पहिल्या महायुद्धानंतर व्याजदर चढले होते, त्यामुळे साडेतीन टक्क्यांच्या रोख्यांचा बाजारभाव दर्शनी किमतीच्या बराच खाली गेला होता. शेअरबाजारात बसलेला माणूस म्हणेल, पंधरा लाख कसले, त्याहून पुष्कळ कमी! पण संस्थेला रोखे विकायचेच नव्हते. तिला हवे होते दरवर्षी न चुकता येणारे व्याज, म्हणजे प्राध्यापकांचे पगार पहिल्या तारखेला. कर्व्यांना हे अचूक कळले होते. मुद्दल राखायचे आणि व्याजावर काम चालवायचे, हा धडा मी बँकेत पस्तीस वर्षे लोकांना सांगत आलो.

याच विठ्ठलदासांनी लल्लूभाई सामळदास यांच्यासह १९११ साली मुंबईत सहकारी मध्यवर्ती बँक काढली. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. म्हणजे आपली सहकारी चळवळ आणि हे महिला विद्यापीठ एकाच माणसाच्या आधाराने उभे राहिले. सहकारी सोसायटीच्या स्मरणिकेत हे लिहिताना मला विशेष आनंद होतो. विठ्ठलदास १९२२ साली गेले. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी पुढे विद्यापीठाची धुरा वाहिली आणि त्या कुलगुरूही झाल्या.

कर्व्यांची झोळी मात्र सुटली नाही. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान असा तो प्रवास, आणि परत आल्यावर लगेच आफ्रिका.

शिक्का नसलेली पदवी

या इतिहासातला सगळ्यात कठीण भाग आता येतो. विद्यापीठ सुरू झाले, कॉलेजे निघाली, पुण्याबरोबर मुंबईत आणि गुजरातेत मुली शिकू लागल्या. पण सरकारने पदवीला मान्यता दिली नव्हती. ती मिळाली १९५१ साली. म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे हे विद्यापीठ नुसत्या लोकांच्या विश्वासावर चालले.

हे आकड्यात वाचायला सोपे आहे. माझ्या मोठ्या मावशीने ते भोगले. लग्नानंतर दोन मुले झाल्यावर तिने घरी अभ्यास करून जी.ए. केले. चुलीपुढे पुस्तक आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, असे आजी सांगायची. काका वारल्यावर ती एका कचेरीत नोकरीसाठी गेली. तिथल्या साहेबांनी पदवीचा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे आमच्या यादीत नाही." तिला व्हर्नाक्युलर फायनलच्या पगारावर घेतले. तिने ती नोकरी केली. दोन मुले शिकवली. पुढे मान्यता आल्याची बातमी पेपरात वाचली तेव्हा ती चाळिशीत होती. "आता काय करू याचे?" असे म्हणाली आणि कागद पुन्हा ट्रंकेत ठेवला. पण तिने तो कधी टाकला नाही, आणि तिची मुलगी पुढे त्याच विद्यापीठात एम.ए. झाली.

मला कधीकधी प्रश्न पडतो. अशा पदवीसाठी मुलींनी रात्री जागवाव्यात, असे सांगायचा अधिकार कर्व्यांना होता का? नोकरीच्या बाजारात जे चालत नाही ते देणे म्हणजे फसवणूक नाही का? मी बरीच वर्षे विचार केला आणि माझे उत्तर असे आहे. मावशीला पगार कमी मिळाला हे खरे. पण तिला हिशेब कळत होता, अर्ज लिहिता येत होता, इंग्रजी पत्र वाचता येत होते, आणि कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. शिक्का सरकारने उशिरा दिला, शिक्षण आधीच मिळाले होते. तरीही पस्तीस वर्षांच्या त्या विलंबाची किंमत संस्थापकांनी नव्हे, मुलींनी मोजली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

मुंबईला गेले, मोठे झाले

ठाकरसींच्या अटीप्रमाणे १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले. हिंगण्याचे विद्यापीठ हिंगण्यात उरले नाही. त्याच्या आधीची पाच वर्षे विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या इरावती कर्वे, अण्णासाहेबांच्या सूनबाई आणि पुढे गाजलेल्या समाजशास्त्रज्ञ.

आज 'एसएनडीटी' हे नाव सगळ्यांना माहीत आहे. चर्चगेटला मुख्य कचेरी, सांताक्रूझ-जुहूला उपनगरातला मोठा परिसर, पुण्यात कर्वे रस्त्यावरचा परिसर. गृहविज्ञान, नर्सिंग, ग्रंथालयशास्त्र, फार्मसी, व्यवस्थापन असे कितीतरी अभ्यासक्रम. स्त्री-अभ्यासाचे देशातले पहिले केंद्र १९७४ साली नीरा देसाई यांनी इथेच सुरू केले. आणि १९९७ साली जुहूला मुलींसाठी इंजिनिअरिंगची संस्था निघाली. जिथे एके काळी गणित ऐच्छिक होते तिथे!

आपल्या हिंगण्यात राहिली ती मूळची आश्रमाची संस्था, आजची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. बरेच लोक या दोन्ही संस्थांची गल्लत करतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. विद्यापीठ वेगळे, ही संस्था वेगळी, मूळ एक. १९९१ पासून या आवारात मुलींचे कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज आहे. सकाळी आपल्या गेटसमोरून स्कूटरवर भरधाव जाणाऱ्या मुली त्याच झोपडीच्या दिशेने चाललेल्या असतात.

कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आणि आपण

आज पुण्याच्या चहूबाजूंना खाजगी विद्यापीठे उभी आहेत. अभिमत आहेत, स्वयंअर्थसहाय्यित आहेत, काचेच्या इमारती आहेत. मान्यता पहिल्या दिवसापासून असते. फी मात्र ऐकून छातीत धस्स होते. मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या फाइली पाहिल्या आहेत. बापाच्या सहीचा हात थरथरलेलाही पाहिला आहे. खाजगी म्हणजे महाग, हे समीकरण आपण धरूनच चाललो आहोत. १९१६ सालचे खाजगी विद्यापीठ लोकांनी पैसे देऊन चालवले होते, विद्यार्थिनींकडून पैसे काढून नव्हे. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

म्हणून शेवटी एक सूचना मांडतो. रौप्यमहोत्सवासाठी सभासदांनी स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीतून खर्च वजा जाता काही रक्कम उरेल, असे खजिनदार म्हणतात. ती जेवणावळीत न घालवता मुदत ठेवीत ठेवावी. मुद्दलाला हात लावू नये. दरवर्षीच्या व्याजातून आपल्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींच्या आणि वॉचमनच्या मुलींपैकी एकीची फी भरावी. रक्कम लहान असेल, पण पहिल्या वर्गात विद्यार्थिनी तरी किती होत्या, पाचच. उपविधीत हे कसे बसवायचे ते लेखापरीक्षकांना विचारून घेऊ. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी बी विंगमध्ये माझ्याकडे नाव द्यावे.

आणि तोपर्यंत एखाद्या रविवारी सकाळी, नातवंडांना घेऊन, आवारात रीतसर परवानगी काढून ती झोपडी जरूर पाहून या. चालत दहा मिनिटे लागतात.